कौसाबाईनं टेपात सोडलेल्या जागा

गेल्या महिन्यात पुण्याहून एक तरुण माणूस माझ्या घरी आला. सभ्य होता. चपला दारात काढल्या, चहा घेतला, म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडं हळदीच्या गाण्याची जुनी कॅसेट आहे असं कळलं. आम्ही ती साफ करून मोबाइलवर टाकू. जगभर ऐकतील." मी कॅसेट लावली. त्यानं कानाला ती मोठी टोपणं लावून डोळे मिटून ऐकली आणि म्हणाला, "बाईंचा आवाज फार सुंदर आहे. फक्त मधेमधे त्या गायच्या थांबल्यात, नुसती घरघर येते. तेवढ्या जागा आम्ही कापून टाकतो. गाणं सलग होईल."

मी कॅसेट काढून घेतली आणि त्याला एसटी स्टँडचा रस्ता दाखवला. घरातले माझ्यावर रागावले. रागावू द्या. माझा स्वतःचा राग अजून उतरलेला नाही. त्यातच या अंकाच्या संपादकांचा निरोप आला, की तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा. म्हटलं, त्या घरघरीबद्दलच लिहावं. माझं शिक्षण दुसरी पास आणि तिसरी अर्धी. जोडाक्षरं चुकतील, ती त्यांनी सरळ करावीत. मजकूर सरळ करू नये.

केजच्या स्टँडजवळ माझं लाऊडस्पीकरचं दुकान होतं. लग्न, बारसं, सप्ता, सभा, जिथं माणसं जमतील तिथं माझा कर्णा. कर्णा म्हणजे पत्र्याचा भोंगा. तो झाडाच्या शेंड्याला बांधायचा, खाली मशीन आणि बॅटरी ठेवायची. झाडावर मी स्वतः चढायचो, कारण कर्ण्याचं तोंड कुठं करायचं हे बांधणाऱ्याला कळलं पाहिजे. वारा जातो तिकडं तोंड केलं तर गाणं पार शिवारात जातं आणि मांडवात कुणाला काही ऐकू येत नाही.

पहिल्यांदा तवे होते. काळ्या तबकड्या, त्यावर पिन. पिन झिजली की गाणारी बाई म्हातारी वाटायची. तव्यावरची माणसं मुंबईची, मोठी, आपल्याला कधी न दिसणारी. सगळं गाव एकच गाणं एकदम ऐकायचं आणि तवा संपला की शेतातनं कुणीतरी ओरडायचं, "आरं तेच पुन्यांदा लाव बे." तोवर आमच्याकडं कुणी गाणाऱ्याला असं म्हणत नव्हतं. गाणाऱ्याचं मन झालं तर तो पुन्हा गायचा, नाहीतर उठून जायचा. तव्यानं माणसाला हुकूम सोडायची सवय लावली, हे मला कबूल आहे.

मग टेप आला. टेपाची गोष्ट निराळी. त्यात आपलाच आवाज बसायचा. ऊसतोडीला गेलेली माणसं चिठ्ठीऐवजी कॅसेट भरून धाडायची आणि त्यांचे आईबाप ती माझ्या दुकानात येऊन ऐकायचे. एक म्हातारी होती, सुंदराबाई. तिचा पोरगा कॅसेटात म्हणायचा, "आये, जेवलीस का?" की ही लगेच, "जेवले रं लेकरा. तू कव्हा जेवलास?" तोवर पोरगा पुढं बैलाचं सांगायला लागलेला. म्हातारी चिडायची. "ह्यो माझं आयकतच न्हाई. आपलंच दामटतोय. थांबीव त्याला." मी टेप थांबवायचो, ती निवांत उत्तर द्यायची, मग म्हणायची, "आता सोड." लोक हसायचे. मी हसलो नाही कधी. म्हातारीचं बरोबर होतं. समोरच्याला बोलायला जागा न ठेवणारा माणूस कुणाला आवडतो?

आता मुद्द्याचं. केजपासून जीपनं थोडं आत एक वाडी आहे. नाव सांगत नाही, माणसं हयात आहेत. तिथं कौसाबाई राहायची. दर साली नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी बाई, पण वाडीत असेल तेव्हा तिच्याशिवाय हळद दळली जायची नाही. आमच्याकडं लग्नाची हळद जात्यावर दळतात. जात्याला आंब्याची पानं बांधतात, सवाष्णी दळायला बसतात, आणि घरची थोरली बाई, मग ती विधवा असली तरी, एकेका नात्याच्या नावानं हळकुंडाची एकेक मूठ जात्यात टाकते. त्या मुठीबरोबर गाणं. कौसाबाईचं असं होतं:

पयली मूठ कुणाच्या नावानं?
नवरीचा बाप बापूराव, त्याच्या नावानं.
दुसरी मूठ कुणाच्या नावानं?
नवरीचा चुलता…

असं बाप, चुलता, मामा, आत्याचा नवरा, सगळी ओळ लागायची. एखादं नाव राहिलं तर तो माणूस न जेवता बैलगाडी जुंपायचा. म्हणून कौसाबाई आदल्या दिवशी त्या घरी जाऊन सगळी नाती विचारून यायची. लिहिता येत नव्हतं, सगळं डोक्यात. तिला बोलावणं जायचं अक्षदा आणि हळदीकुंकू घेऊन, आणि मग खण-नारळ मिळायचा. तो खण म्हणजे मजुरी नव्हे. या बाईवाचून आमच्या घरचं कार्य सुरू होत नाही, असं सगळ्या वाडीदेखत कबूल करणं होतं ते. कोयता घेऊन सहा महिने परमुलखात पालात राहणाऱ्या बाईला एवढी एकच जागा होती जिथं तिला पाटावर बसवायचे.

मग ते दुष्काळाचं साल आलं. आधीच्या वर्षीही पाऊस फिरला होता, त्या वर्षी तर आलाच नाही. विहिरीवाले शेतकरीसुद्धा कोयता घेऊन पश्चिमेकडच्या कारखान्यांना निघाले. वाडीत राहणार म्हाताऱ्या आणि चार-दोन घरं. आणि लग्नं तर ठरलेली. दसऱ्याच्या आधी कौसाबाई दुकानात आली.

"गणपतभाऊ, माझा आवाज ठिवून घ्या."

"कशाला?"

"इमलच्या पोरीचं लगीन मागशीर्षात हाय. मी तिकडं उसाच्या फडात आसनार. इमलला शबूद दिलता. आता गानंच ऱ्हाईल तर ऱ्हाईल."

इमल म्हणजे तिच्या शेजारची विधवा. मी तयार झालो. दाराला गोधड्या बांधल्या, एसटीचा आवाज येऊ नये म्हणून. माझ्या बायकोनं घरचं जातं हातगाड्यावर घालून दुकानात आणवलं आणि ती स्वतः फिरवायला बसली. मी बटण दाबलं. कौसाबाईनं सुरुवात केली, "पयली मूठ कुणाच्या नावानं, नवरीचा बाप…" आणि गप्प बसली. नुसतं जातं फिरतंय. मग म्हणाली, "…त्याच्या नावानं."

मी टेप थांबवला. "कौसाबाई, नाव राहिलं."

"ऱ्हायलं न्हाई. सोडलं."

"लोक म्हणतील मशीन बिघडलं."

"म्हनू द्या. तुमची मशीन गप बसल तवाच बाया बोलतेल."

"मग नुसतं मामा, चुलता म्हणून पुढं चला की."

"नुसता मामा कोनाचाबी आसतोय. नाव न्हाई घेतलं तर मूठ कोनाची पडली?"

"किती वेळ थांबायचं पण?"

"लाजऱ्या बाईला नाव घ्यायला लागतोय तेवढा."

मी हट्टी माणूस, पण त्या दिवशी हरलो. तिनं सगळ्या नात्यांना तशी जागा सोडली. माझ्या बायकोनं जातं एकदाही थांबू दिलं नाही. पुण्याच्या माणसाला जी घरघर ऐकू आली ती माझ्या बायकोच्या हाताची आहे. ती आता नाही.

इमलच्या घरी मी स्वतः मशीन घेऊन गेलो. कॅसेट लावली. पहिली जागा बापाची. बाप तर वारलेला. आमच्याकडं गेलेल्या माणसाचं नाव हळदीत घेत नाहीत, मूठ मात्र टाकतात. कर्ण्यातनं फक्त जातं फिरत होतं आणि इमलनं हातातली मूठ जात्यात सोडली, तेवढ्यात कौसाबाईचा आवाज आला, "त्याच्या नावानं." दुसरी जागा चुलत्याची. बाया एकमेकींकडं बघतायत, पदर तोंडात. शेवटी नवरीची आत्या करवादली, "आगं बोला की भवान्यांनो, यंत्र किती थांबल? ज्ञानोबा!" आणि कर्ण्यातनं लगेच, "त्याच्या नावानं." मग काय विचारता. मामाच्या जागेला सगळ्या बाया एकदम ओरडल्या. कौसाबाई तिकडं फडात ऊस तोडत होती आणि इकडं तिच्यासंगं सगळी वाडी गात होती.

केजच्या हॉटेलात बसलं की कुणीतरी हमखास म्हणतं, कॅसेटवाल्यांनी बायांची गाणी मारली, आणि माझ्याकडं बघतं. त्यांनी तो मांडव बघायला पाहिजे होता.

त्या हंगामात पंचक्रोशीतनं लोक आले. कॅसेट भरून द्या म्हणाले, मी दिली. त्यात आमच्या भागातल्या सहकारी कारखान्याच्या चेअरमनचा भाचाही आला. घरचं लग्न आहे म्हणाला. त्यालाही दिली. मी काय प्रत्येकाची लग्नपत्रिका तपासत बसू?

कारखान्याला त्या साली ऊस नव्हता. चिमणी थंड. पण निवडणूक होती. शेताला पाणी नसलं तरी सभासदाला मत असतं. आणि एक दिवस सगळ्या सभासदांच्या घरी फुकट कॅसेट पोचल्या. वर चेअरमन तात्यासाहेबांचा फेट्यातला फोटो. आत कौसाबाईचं गाणं. "पयली मूठ कुणाच्या नावानं, नवरीचा बाप…" आणि त्या जागेत ढोल वाजतो आणि भाड्यानं आणलेली चार माणसं ओरडतात, "तात्यासाहेब!" चुलत्याच्या जागी तात्यासाहेब. मामाच्या जागी तात्यासाहेब. एक जागा त्या लोकांनी मोकळी ठेवली नाही. चेअरमन सभासदांचा मायबाप असतो असं ते भाषणात म्हणायचे, तेच त्यांना इथं सुचलं असेल. बाईच्या गाण्यात तिच्या लेकीचा बाप म्हणून परक्या माणसाचं नाव घालणं ही आमच्याकडं शिवी आहे, एवढं त्या फेटेवाल्यांना कळू नये? का कळलं होतं आणि फिकीर नव्हती? मला तर हे दुसरंच खरं वाटतं.

वाडीत बापूराव म्हणून शेतकरी. ताठ माणूस, कारखान्याचा जुना सभासद. त्याच्या थोरल्या पोरीची हळद होती. मी त्या दिवशी आष्टीला दुसऱ्या लग्नात होतो, त्यामुळं त्यानं दुसरा कोणी स्पीकरवाला आणला. त्या भल्या माणसानं घरात आलेली फुकटची कॅसेट न ऐकताच लावली. कर्णा झाडावर. सगळ्या वाडीला आणि उष्टी हळद घेऊन आलेल्या नवऱ्याकडच्या बायांना ऐकू गेलं, की बापूरावच्या लेकीचा बाप तात्यासाहेब. त्या पाहुण्या बाया पदराआड हसल्या. बापूरावची बायको आत जाऊन बसली ती लग्न लागेपर्यंत बाहेर आली नाही.

बापूरावनं तेव्हापासून एकच धरलं. आवाज कोणाचा? कौसाबाईचा. मग बेज्जती कोणी केली? कौसाबाईनं. चेअरमनकडनं लुगडं घेतलं आणि आमची इज्जत विकली. आणि बापूरावनं म्हटलं की वाडी म्हणते.

कौसाबाई गुढीपाडव्याला ट्रकमधनं उतरली तेव्हा तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. टँकरच्या रांगेत उभी राहिली तर एकजण म्हणाली, "चेअरमनची गानारीन आली. सरा गं, हिचा हंडा आधी भरू द्या." दुसऱ्या दिवशी ती माझ्या दुकानात आली. ती फुकटची कॅसेट फळीवर ठेवली.

"लावा."

पूर्ण ऐकली. मग म्हणाली, "आवाज माझा हाय. मधली मानसं कोन?"

"चेअरमनची."

"तुमी दिली?"

"सगळ्यांना दिली तशी भाच्याला दिली. लग्नाला म्हणून नेली त्यानं."

"बापूरावच्या धाकलीची हळद तोंडावर आली. त्यानं मला न्हाई बोलवलं तर वाडीत कोनीच बोलवनार न्हाई. कायमचंच. तुमच्या मशीननं झालंय, तुमीच बोला जाऊन."

गेलो. माझा तर पारा आधीच चढलेला. मूळची कॅसेट आणि छोटा टेप घेऊन गेलतो. बापूराव बाजेवर बसलेला. मी लावून दाखवली. नवरीचा बाप, मग जात्याची घरघर, मग त्याच्या नावानं.

"आयकलं का?" मी म्हणालो. "नाव हाय का कोनाचं?"

बापूराव म्हणाला, "गणपत, ज्या यंत्रात नाव घालता येतंय, त्यातनं काढताबी येतंय. हे तू काल पुसून आनलं नसशील कशावरनं?"

"मी कावून पुसू बे?"

"तुझा धंदा हाय त्यो."

आजवर माझा समज होता, की टेपात बसलं ते खरं. माणूस बोललेलं फिरवतो, टेप फिरवत नाही. आणि इथं माझ्याच हातची अस्सल कॅसेट खोटी ठरली आणि चेअरमनची नकली खरी, कारण ती कर्ण्यावर सगळ्यांनी ऐकली होती.

तिथनं तसाच कारखान्यावर गेलो. चेअरमननं मला बसवलं, बिस्किटं मागवली. मी म्हणालो, "तुमी एकदा कर्ण्यावर सांगा, की नावं आमी घातली. बाईचा काही संबंध न्हाई."

तो हसला. "अरे, जिल्ह्यात तिचं नाव झालं की. तुला काय पायजेल ते बोल. यंदा बॉयलर पेटवायचा कार्यक्रम तुझ्या स्पीकरवर करू. दरसालचा करू."

"मला नगं."

"मग आलास कशाला?"

मी बिस्किट न खाता उठलो. तो निवडून आला, आणि लई मतांनी आला. त्यानंतर कारखान्याच्या एकाही सभेला माझा कर्णा लागला नाही, याचं मला कधी वाईट वाटलं नाही. परत येऊन कौसाबाईला एवढंच सांगितलं, "दोन्हीकडं झालं न्हाई." ती म्हणाली, "बरं," आणि वाडीची वाट धरली.

बापूरावच्या धाकट्या पोरीच्या हळदीला मशीन माझं होतं. पण अट अशी, की कॅसेट लावायची नाही, फक्त पाहुण्यांना जेवायला या म्हणून पुकारायचं. सकाळची वेळ. मांडवात जातं मांडलेलं, पानं बांधलेली, बाया बसलेल्या, आणि सुरुवात कोणी करीना. तरण्या पोरींना सिनेमातली येत होती. म्हाताऱ्यांना ओळी येत होत्या, पण एकीनं उचलली की दुसरी म्हणायची, "आगं, आधी चुलता न्हाई," आणि गाडं तिथंच बसायचं. बापूरावची म्हातारी आई जात्यापाशी मूठ धरून बसली होती. ती म्हणाली, "मी हात वर धरून कवर बसू? मुक्यानं हळद दळत्यात का कुठं?"

बापूराव ऐकू न आल्यासारखा उभा.

कौसाबाईचं घर बोळाच्या पलीकडं. ती ओट्यावर ज्वारी पाखडत बसली होती. बोलावणं नाही म्हणून मांडवात पाय टाकणार नव्हती. पण ओटा तिचा स्वतःचा होता. तिनं सूप खाली ठेवलं आणि बसल्या जागेवरनं गाणं उचललं. ना माईक, ना कर्णा.

"पयली मूठ कुणाच्या नावानं? नवरीचा बाप…"

आणि थांबली.

मांडवात सगळ्यांना एकच धास्ती. आता काय येतंय? बापूरावची मान खाली. बाया त्याच्याकडं बघतायत. तिनं मात्र पुढचं काही म्हटलं नाही, जागा तशीच मोकळी ठेवली, लाजऱ्या बाईला लागेल त्याच्याहूनही जास्त. कॅसेटात होती तीच जागा, पण आता ती कुणी पुसलेली आहे असं म्हणायची सोय नव्हती. शेवटी म्हातारीनं मूठ सोडली आणि मोठ्यानं म्हणाली, "बापूराव."

बोळापलीकडनं आलं, "त्याच्या नावानं."

मग चुलता, मग मामा, मग आत्याचे मालक. इकडनं नाव, तिकडनं गाणं. हळद दळून झाली तेव्हा बापूरावनं स्वतः ताटात खण-नारळ घेतला आणि बोळ ओलांडला. मी मागनं गेलो, कारण मला ऐकायचं होतं.

"कौसाक्का, खण घ्या."

ती पुन्हा सूप हातात घेत म्हणाली, "खण बोलावन्याचा आसतोय, बापूराव. गान्याचा न्हाई. मला बोलावनं कोनाचं हाय?"

बापूराव ताट घेऊन उन्हात तसाच उभा राहिला. मला वाटलं आता हा माणूस बिघडतो. पण तो परत गेला, ताट ठेवलं, बायकोला घेतलं, अक्षदा आणि हळदीकुंकू घेतलं आणि दोघं रीतसर तिच्या दारात आली. बापूराव म्हणाला, "धाकलीची हळद हाय. तुमी यावं." त्याच्या बायकोनं तिला कुंकू लावलं. हळद तर दळून झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कौसाबाई उठली, पदर नीट केला, मांडवात येऊन पाटावर बसली. म्हणाली, "जातं पुन्यांदा मांडा. पयल्या मुठीपासनं." आणि माझ्याकडं वळली.

"गणपतभाऊ, त्या दिशी समद्या वाडीनं कर्ण्यावर आयकलंतं. मग आजबी कर्ण्यावरच आयकू द्या."

मी माईक तिच्यापुढं ठेवला. मग झाडावर चढलो, कर्णा सोडवला आणि त्याचं तोंड कारखान्याकडं केलं. एवढ्या लांब आवाज जात नाही, वाराही उलटा होता, आणि हे माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. तरी तिकडंच केलं, आणि पक्कं आवळून बांधलं.